आतून लावायची कडी

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाट, केज, धारूर, वडवणी या पट्ट्यातली गावं निम्मी रिकामी होतात. उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने काढतात. हाल असतातच, पण कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की परतायला गाव असतं. याच गावांतल्या एसटी थांब्यावर किंवा देवळाच्या ओवरीत अधूनमधून एखादं माणूस दिसतं, त्याला मात्र परतायला काहीच नसतं. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर एकावर एक चढवलेले कपडे, तोंडात स्वतःशीच चाललेलं बोलणं. गाव त्याला भाकरी देतं, चहा देतं, 'येडा' म्हणून हाक मारतं. छप्पर मात्र कोणी देत नाही.

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेने देशातले बेघर मोजले, तेव्हा एकट्या महाराष्ट्रात ते दोन लाखांहून जास्त निघाले. शासनाचे निवारे आहेत, पण ती योजना शहरांची. खेड्यात घरकुल मिळतं, त्यासाठी अनुदान मिळतं. पण त्याआधी यादीत नाव लागतं, कागदपत्रं लागतात, अर्जामागे पळायला माणूस लागतं. मानसिक आजारामुळे घर सुटलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याला घर मिळायचं तर घराबरोबर सोबतही मिळायला हवी. नेमकं हेच काम करणारी एक संस्था देशात आहे आणि ते काम महाराष्ट्रात, रत्नागिरीपर्यंत येऊन पोचलं आहे.

'द बनयन' ही संस्था 1993 मध्ये चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी सुरू केली. रस्त्यावर फिरणाऱ्या आजारी बाईला कुठलीच संस्था दारात उभं करत नाही, हे पाहून त्यांनी स्वतःच निवारा उघडला. उपचाराने बायका सावरू लागल्या, नाव-गाव सांगू लागल्या, कित्येक जणी घरी पोचल्या. पण काही बऱ्या होऊनही तिथेच राहिल्या. कुणाच्या घरच्यांनी दार लावून घेतलं, कुणाचं घरच उरलं नाही, कुणाला ज्या घरात मार खाल्ला तिथे जायचं नव्हतं. बरं झालेल्या माणसाने उरलेलं आयुष्य संस्थेच्या खाटेवर काढायचं का, हा प्रश्न होता. 2015 पासून 'होम अगेन' हा उपक्रम त्याचं उत्तर देतो आहे.

रीत साधी आहे. चारचौघांच्या वस्तीत एक साधं घर भाड्याने घ्यायचं. त्यात चार-पाच जणांनी राहायचं, आणि कोणी कोणाबरोबर राहायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. ज्यांचं आधीपासून जमतं, अशांची घरं बनतात. सोबतीला मदतनीस असते, बहुतेक वेळा त्याच भागातली, मोठ्या पदव्या नसलेली बाई. कोणाला चोवीस तास आधार लागतो, कोणाला फक्त गोळ्यांची आठवण पुरते, कोणी कामाला जाऊन संध्याकाळी परततं. बाजार, स्वयंपाक, शेजाऱ्यांकडचं हळदीकुंकू, जत्रा, भांडण, रुसवा हे सगळं घरातल्यासारखंच. उपचार आणि समाजसेवकांची ये-जा चालू राहते, पण घर उपचारावर टांगलेलं नसतं. आजार उलटला, दवाखान्यात जावं लागलं, तरी जागा जात नाही. रुग्णालयाच्या दाराची कडी बाहेरून लागते. या घराची आतून लागते. माझ्या मते या कामाचं मोठेपण त्या कडीत आहे.

हे नुसतं भाबडेपण नाही. दीड वर्ष चाललेल्या एका अभ्यासात अशा घरांत राहणाऱ्यांचा समाजातला वावर संस्थेत राहणाऱ्यांपेक्षा वाढलेला दिसला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आरोग्याच्या चांगल्या सेवांची जगभरातली उदाहरणं छापली, त्यांत 'होम अगेन' आहे. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी हेच केलं: आधी घर द्या, 'सुधारून दाखव मग घर' ही अट काढा. फिनलंडने 2008 पासून ते देशाचं धोरण केलं आणि तिथे बेघरांची संख्या खाली आली.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आजार आटोक्यात आला तरी न्यायला कोणी येत नाही म्हणून तिथे वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत. रत्नागिरीत अशा माणसांसाठी 'बनयन'ने वस्तीतल्या घरांची वाट खुली केली. कायदाही या वाटेच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 19 स्पष्ट सांगतं, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. वस्तीतली घरं उभारण्याची जबाबदारी त्याच कलमाने शासनावर टाकली आहे.

आपल्याकडे याआधीच्या दोन वाटा मोलाच्या आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोचवते. त्यासाठी 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बीडच्या शेजारी, नगरजवळच्या शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माऊली सेवा प्रतिष्ठान' बेघर मनोरुग्ण बायकांना आणि त्यांच्या लेकरांना कायमचा आसरा देते. ज्यांचं घर उरलंय त्यांना घरी पोचवणं आणि ज्यांचं कोणीच नाही त्यांना जवळ करणं, दोन्ही हवंच. त्यांच्यामध्ये तिसरी जागा बहुतेक ठिकाणी रिकामी आहे: बऱ्या झालेल्या, पण एकट्या पडलेल्या माणसाला गावातच, शेजाऱ्यांमध्ये स्वतःचं घर.

ही जागा बीड जिल्ह्यात भरता येईल. मराठवाड्याचा रुग्ण आजवर येरवड्याची वाट धरत आला, पण अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जवळच लोखंडी सावरगावला वृद्धत्व व मानसिक आजारांसाठी शासकीय रुग्णालय आहे. भटकणारा रुग्ण दिसला तर त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणं ही मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे पोलिसांची जबाबदारी आहे. म्हणजे संरक्षण आणि उपचार या पहिल्या दोन पायऱ्या तयार आहेत. नाही ते शेवटचं घर. हंगामात केज-नांदूरघाटकडे कुलूपबंद घरं कमी नसतात, आणि आजारी सासू-सासऱ्यांचं वर्षानुवर्षं केलेल्या, रोजगार शोधणाऱ्या बायकाही कमी नाहीत. भाडं, मदतनिसाचा पगार आणि महिन्याला येणारा डॉक्टर यांची जुळणी एखादी स्थानिक संस्था आणि जिल्हा परिषद मिळून करू शकते. सुरुवात चार माणसांच्या एका घरापासूनच व्हायला हवी.

खरी अडचण पैशाआधी येते. घरमालक विचारेल, शेजारी काय म्हणतील? रत्नागिरी आणि चेन्नईच्या वस्त्यांनी त्याचं उत्तर दिलं आहे: काही दिवस बिचकतात, मग साखर मागायला येतात. थांब्यावरच्या माणसाला वर्षानुवर्षं भाकरी देणाऱ्या गावाला एवढं जड जाऊ नये. पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून हा विषय मांडावा, आणि आपल्या मालकीची एक रिकामी खोली भाड्याने द्यायची तयारीही त्यानेच आधी दाखवावी.