नांगरटीपूर्वी जुन्या ट्रॅक्टरची देखभाल

रब्बीची सुगी आटोपते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास उन्हाळी नांगरटीला वेग येतो. ट्रॅक्टरच्या दृष्टीने वर्षातील हा सर्वांत कष्टाचा काळ होय. कडक झालेली जमीन, प्रखर ऊन आणि बारीक धूळ यांचा भार इंजिनावर एकाच वेळी पडतो. पंधरा-वीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर ऐन हंगामात बंद पडला, तर मालकाबरोबरच भाड्याने नांगरट करून घेणाऱ्या लहान शेतकऱ्यांचेही काम खोळंबते. म्हणूनच हंगामापूर्वी एक दिवस तपासणीसाठी राखून ठेवणे हिताचे ठरते.

धूळ : इंजिनाचा खरा शत्रू

अनेक जुन्या ट्रॅक्टरांना तेलाचा एअर क्लीनर असतो. त्यातून जाणाऱ्या हवेतील धूळ तेलात व जाळीत अडकते. वाटीतील तेल गाळाने दाट झाले, की धूळ सिलिंडरमध्ये शिरते व तेथे कानशीसारखे काम करते. पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजतात, इंजिनाची ताकद घटते आणि ते तेल जाळू लागते. हे टाळण्यासाठी वाटी व जाळी डिझेलने धुऊन खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. नांगरटीच्या दिवसांत वाटी रोज पाहावी. क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला भेग असल्यास स्वच्छ क्लीनरही निरुपयोगी ठरतो. अशी नळी तत्काळ बदलावी.

तेल, पाणी व डिझेल

इंजिनाचे तेल, इंजिन कोमट असताना, फिल्टरसह बदलावे. त्याचा कालावधी माहितीपुस्तिकेप्रमाणे कामाच्या तासांवर ठरवावा. तास दाखविणारे मीटर बंद असल्यास वहीत रोज नोंद ठेवावी. रेडिएटरच्या जाळीतील काडीकचरा काढावा व फॅनच्या पट्ट्याचा ताण पाहावा. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. डिझेलची टाकी सायंकाळीच भरून ठेवल्यास रिकाम्या जागेतील हवेच्या बाष्पाचे पाणी डिझेलमध्ये मिसळण्याचा संभव कमी होतो.

ब्रेककडे दुर्लक्ष नको

शेतात लहान वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरच्या मागील दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात. त्यांचा ताण सारखा नसेल, अथवा रस्त्यावर दोन्ही पेडल एकमेकांस जोडलेली नसतील, तर ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका अंगास खेचला जातो आणि उलटण्याचा धोका उद्भवतो. तसेच पी. टी. ओ.च्या फिरत्या दांड्यावर संरक्षक आवरण असलेच पाहिजे. या दांड्यात धोतर वा पदर अडकल्यास जीव जाऊ शकतो.

ही कामे बहुतांशी चालकास स्वतः करता येण्याजोगी आहेत. ग्रामपंचायतींनी फाल्गुनातच गावातील चालकांना एकत्र बोलावून, ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम असलेल्या जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांकडून प्रात्यक्षिक घडविल्यास नांगरटीत पडणारा खंड कमी होईल. चालकांच्या जीविताचे रक्षण हा तर त्याहूनही मोठा लाभ होय.