गाजरगवताची खाज : दोन मलमे, दोन कामे

गाजरगवताच्या संपर्काने अनेकांच्या मानेवर, हातांवर खाज सुटते. कातडी कोरडी पडून भेगाळते. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन मलमे देतात. स्टेरॉइडचे मलम दाह कमी करते, तर ओलावा टिकविणारे साधे मलम कातडी मऊ ठेवते. दोन्ही एकत्र कालवून लावू नयेत. औषधाचा जोर कमी होतो. दोहोंत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढे स्टेरॉइड मलम दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. ते डॉक्टर सांगतील तितकेच दिवस लावावे. अन्यथा कातडी पातळ होते. साधे मलम मात्र रोज आंघोळीनंतर लावावे. नायट्यावर स्टेरॉइड लावू नये. खाज थांबते, पण नायटा पसरतो. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालूनच उपटावे.