खारें पाणी, मासा आणि लोणारचें सरोवर

समुद्र खारा, आणि बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवरहि खारें. मग समुद्रांत ज्यांचा संसार सुखानें चालतो, त्या माशांना लोणारांत पूर्वापार थारा कां मिळाला नाहीं? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास ‘खारें’ या एकाच शब्दाखालीं दोन निराळे गुण दडलेले आढळतात.

खारटपणा सोसण्यांत तरबेज असा मासा पाहावयाचा तर कोंकणच्या खाड्यांकडे वळावें. ओहोटी लागली कीं उघड्या पडलेल्या चिखलावर निवटे छातीजवळच्या परांच्या आधारानें सरपटतांना व उड्या मारतांना दिसतात. तळच्या चिखलांतच त्यांचें बीळ असतें. कल्ल्यांच्या पोकळींत सांठविलेलें पाणी आणि ओलसर त्वचा यांच्या साहाय्यानें ते हवेंतहि श्वास घेतात. भरतीचें खारें पाणी येवो वा पावसाळ्यांत खाडी निवळो, त्यांचें जीवन अडत नाहीं.

लोणारांत मात्र एवढी शक्ति पुरेशी नाहीं. उल्कापातानें काळ्या बेसॉल्ट खडकांत पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यांतील पाण्याला बाहेर वाहून जाण्यास वाट नाहीं. पाण्याची वाफ होते आणि त्यांत विरघळलेला सोडा मागें उरतो. येथें काच व साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात, असा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’तहि आहे. आम्लता व अल्कता मोजण्याच्या पट्टीवर समुद्राचें पाणी सुमारें ८, तर लोणारचें सुमारें १० भरलेलें आहे. या पट्टीवरील प्रत्येक अंक दहापट असल्यानें हा फरक जवळजवळ शंभरपट होतो.

माशाचें घोडें अडतें तें येथेंच. अन्नांतील प्रथिनांपासून शरीरांत अमोनिया हें विष तयार होतें व मासे तें कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. साध्या पाण्यांत बाहेर पडतांच त्याचें अमोनियम बनतें आणि तें सहजासहजीं परत शिरत नाहीं. तीव्र अल्कधर्मी पाण्यांत हा पालट होत नाहीं. बाहेरची वाट तुंबते आणि रक्तांत विष सांचतें. केनियांतील मागाडी सरोवरांतील एका लहान माशानें यावर तोड काढली आहे. मनुष्याप्रमाणें तो अमोनियाचा युरिया बनवून टाकतो. अशी सोय फारच थोड्या माशांना लाभली आहे.

परंतु मासा नाहीं म्हणून लोणारचें पाणी निर्जीव ठरत नाहीं. सोडा मानवणारें सूक्ष्म शेवाळ व जीवाणू त्यांत वाढतात. जून २०२० मध्यें पाणी गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत हॅलोआर्किया नांवाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचें दिसलें. त्याच वर्षीं सरोवराचा रामसर यादींत समावेश झाला.

या सृष्टीचा आधार सोड्याची तीव्रता हाच आहे. गोड्या पाण्याचा वा सांडपाण्याचा ओघ वाढून ती उतरली, तर मासे तेथें तग धरूं शकतील. पाहणाऱ्याला ती भरभराट वाटेल. परंतु लोणारचें लोणारपण ओसरूं लागल्याची ती पहिली खूण असेल.