नदीत फेकलेली ‘छोटी चांदी’

तांदूळ धुताना खडे पातेल्याच्या तळाशी राहतात, हे आपल्या माय-भगिनींना कोणी शिकवावे लागत नाही. जड ते खाली, हलके ते पाण्याबरोबर बाहेर. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, चोको प्रांतातल्या कृष्णवर्णीय बाया नदीत उभ्या राहून हेच करतात. हातात लाकडाची पसरट परात. तिला तिकडे ‘बातेआ’ म्हणतात. रेती-पाणी गरगर फिरवले की तळाला काळी रेती उरते. तिच्यात सोन्याचे पिवळे कण असतात आणि प्लॅटिनमचे करडे.

या बायांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले. स्पॅनिश मालकांना हवे होते फक्त सोने. हा करडा धातू त्यांच्या भट्टीत वितळेना, कारण त्याला १७६८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पाराही त्याला धरीना. मालकांनी त्याला ‘प्लातिना’, म्हणजे छोटी चांदी, असे तुच्छतेचे नाव दिले. पुढे सोन्यात याची भेसळ होते म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी तो नदीत फेकायला लावला. उपसला गुलामांनी, निवडला गुलामांनी आणि गेला पुन्हा पाण्यात!

मग युरोपातल्या विद्वानांचे लक्ष गेले. १८०२ ते १८०४ या काळात लंडनच्या वोलास्टन आणि टेनंट यांनी याच खनिजातून पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम व ऑस्मियम असे चार नवे धातू शोधले. त्यांची नावे पुस्तकात आहेत. ज्यांनी कमरेभर पाण्यात खनिज काढले त्यांची नाहीत.

पण हे कण नदीत आले कुठून? पृथ्वीच्या पोटातून वर आलेला तप्त रस थंड होऊ लागला की ऑलिव्हिन आणि क्रोमाइट ही खनिजे आधी गोठतात. त्यांच्याच सोबतीने प्लॅटिनम लोखंडाशी मिसळून बारीक दाण्यांच्या रूपात बसते. पुढे डोंगर वर उचलला जातो. चोकोत तर जगातला अतिशय मुसळधार पाऊस पडतो. त्यात खडक कुजतो, ऑलिव्हिन विरघळून जाते. प्लॅटिनमला मात्र गंज नाही. ओढ्यात वाहून आलेला दाणा वजनामुळे दगडगोट्यांच्या तळाशी, कातळाच्या भेगांत अडकून बसतो. साधी रेती पाण्याच्या सुमारे अडीचपट जड. शुद्ध प्लॅटिनम एकवीसपट!

काही शास्त्रज्ञांचे म्हणणे होते की हे दाणे नदीच्या पाण्यातच वाढले. परंतु दाण्यांच्या पोटात क्रोमाइट सापडते आणि त्यांतल्या ऑस्मियमची घडण भूगर्भातल्या खडकाशी जुळते. त्यामुळे बहुतेक दाणे खडकातूनच सुटले, हेच आम्हाला पटते. रशियाच्या उरल पर्वतातही असेच घडले. तिथल्या नद्यांतल्या प्लॅटिनमची नाणी झारने १८२८ ते १८४५ पर्यंत पाडली.

आज हाच धातू मोटारींचा विषारी धूर कमी करतो आणि कर्करोगावरच्या सिस्प्लाटिन औषधातही असतो.

कोलंबियात १८५१ च्या कायद्याने गुलामी संपली. नुकसानभरपाई मिळाली, पण मालकांना! नदीकाठच्या कृष्णवर्णीयांच्या सामुदायिक जमीन-हक्काला कायद्याची मान्यता मिळायला १९९३ साल उजाडले. तोवर यंत्रे आली होती. त्यांनी काठ उकरले, सोन्यासाठी वापरलेला पारा पाण्यात आणि माशांत उतरला. काठावरच्या समाजाने न्यायालय गाठले. २०१६ च्या निकालात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने अत्रातो नदीलाच हक्कधारक मानले आणि तिच्या पालकत्वात सरकारबरोबर काठावरच्या लोकांनाही बसवले.