लस, अफवा आणि विश्वास
16 जानेवारी 2021 रोजी देशभर कोरोना लसीकरण सुरू झाले, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या ग्रामीण तालुक्यांत लस पोहोचवण्याइतकेच तिच्याविषयीचे गैरसमज दूर करणेही आवश्यक होते. लसीमुळेच कोरोना होतो, हा समज निराधार होता. कारण कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय, म्हणजे वाढण्याची क्षमता नष्ट केलेला विषाणू होता, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्डमध्ये कोरोनाच्या काटेरी प्रथिनाची जनुकीय माहिती वाहून नेणारा, शरीरात वाढू न शकणारा वेगळाच विषाणू होता. वंध्यत्वाच्या भीतीलाही संशोधनातून आधार मिळाला नाही. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र खरा, तरी अत्यंत दुर्मीळ होता, आणि असे सत्य न लपवता सांगणाऱ्या आशा कार्यकर्तीवरच गावाचा विश्वास टिकतो.