पट्टीचा मायक्रोफोन

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. आवाज स्वच्छ येतो, पण आपला वाटत नाही. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात, पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. दोष गळ्याचा नसतो, पेटीचाही नसतो. बरेच स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोन तीक्ष्ण ध्वनी जरा जास्तच उजळून दाखवतात.

माझी थोरली बहीण ब्याऐंशी वर्षांची आहे. आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या आमच्या घरात आता तिच्याच तोंडी उरल्या आहेत. पहिले मुद्रण ऐकून ताईने विचारले, “ही कोण रे बाई गातेय?” जन्मभर बँकेत आकडे जुळवलेला मी, त्या प्रश्नापायी रिबन मायक्रोफोनच्या नादी लागलो.

ही जात जुनी. १९२४ साली जर्मनीत शॉट्की आणि गेर्लाख यांनी ती शोधली. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी ती रेडिओ केंद्रांत नेली. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अॅल्युमिनियमची चुण्या पाडलेली पट्टी, जाडी सुमारे दोन मायक्रॉन. म्हणजे आपल्या केसाचा तिसावा हिस्सा! आवाजाने ती हलते आणि वीज उमटते. तिच्यातून पेटी, सारंगी, सनई यांचा कर्कशपणा निवळून येतो.

नामवंत रिबनला लाखभर रुपये सहज पडतात. चिनी बनावटीचे त्याच्या लहानशा अंशात मिळतात. त्यांचा ट्रान्सफॉर्मर बहुधा साधा असतो, पण घरच्या कामाला तेवढे पुरते.

मात्र या पाहुण्याचे पथ्य सांभाळावे लागते. आपल्याकडे माईक दिसला की फुंकर मारायची सवय. इथे फुंकरीने पट्टीच ताणली जाते. गाणाऱ्याने वीतभर तरी दूर बसावे, कारण जवळून खर्ज फुगतो. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद ठेवावा. सदोष केबलमधून तो पट्टीचा घात करू शकतो. याचा आवाजही मंद, साठ-सत्तर डेसिबलने वाढवावा लागतो. हलक्या प्रीअॅम्पमध्ये तेव्हा सूं-सूं येते. तंबोऱ्यासारख्या नाजूक वाद्याला म्हणून तो तितकासा मानवत नाही.

त्याचा एक गुण मात्र लाखमोलाचा. तो पुढचे आणि मागचे ऐकतो, दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे ताई समोर आणि शेजारच्या रस्त्याकडची खिडकी बाजूला, अशी बैठक मांडली. रिक्षांचे हॉर्न बरेच मागे पडले. सतरा ओव्या झाल्या. ताईने ऐकल्या आणि एवढेच म्हणाली, “तिसरीत एक ओळ राहिली, पुन्हा लाव.”

तुमच्याही घरी कोणी ओवी म्हणणारे, पेटी वाजवणारे असेल, तर उत्तम उपकरणासाठी पैसे साठवत बसू नका. परवडेल ते आणा आणि याच रविवारी त्यांना गायला बसवा.