घरच्या घरी लाकडी बाक बनवायचाय? करवत हातात घेण्याआधी हे वाचून घ्या

दौलताबाद : पोरांना अभ्यासाला खुर्ची-टेबल नाही, ओट्यावर म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाक नाही, सीताफळाच्या सीझनमध्ये किल्ल्याच्या रस्त्याला टोपली मांडायची तर खाली पोतं. दुकानातून स्वस्तातलं टेबल आणावं तर ते भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं निघतं. एका पावसाळ्यात कडा फुगतात, स्क्रू ढिले होतात आणि पैसे पाण्यात जातात. म्हणून बरेच जण आता मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच काहीतरी ठोकायला बसतात. व्हिडिओतला माणूस दहा मिनिटांत टेबल उभं करतो. त्याचं लाकूड किती महिने वाळलेलं होतं आणि मागे कोणकोणती मशिनं होती, हे मात्र दिसत नाही.

पूर्वी हा प्रश्न गावात नव्हता. बारा बलुतेदारांत सुतार होता. औत, वखर, तिफण, बैलगाडीचं चाक, दाराची चौकट, पाळणा, सगळं त्याच्याकडूनच व्हायचं. ट्रॅक्टर आला, अवजारं लोखंडी झाली आणि सुताराचं वर्षभराचं काम गेलं. ज्या गावात अजून सुतार आहे, तिथल्या लोकांनी स्वतःला नशीबवान समजावं. हा लेख त्याचं काम काढून घेण्यासाठी नाही. उलट काही कामं त्याच्याकडूनच करून घ्यावीत, ती कोणती ते पुढे येईल.

लाकूडकामाची जुनी खूण बघायची असेल तर लांब जायला नको. दौलताबादचा घाट चढून खुलताबाद ओलांडलं की वेरूळ. तिथली १० नंबरची लेणी आपल्याकडे लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणूनच ओळखतात. आत मान वर करून बघा. छत दगडाचं आहे, पण त्यात कोरलेल्या बरगड्या हुबेहूब लाकडी वाशांसारख्या आहेत. दगडाला त्यांची गरजच नाही. कारागिरांच्या डोळ्यांत लाकडी छत इतकं बसलेलं होतं की त्यांनी तेच दगडात उतरवलं. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेणीत तर छताच्या बरगड्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनी आजही जागेवर आहेत. पाणी आणि वाळवी लांब राहिली तर लाकूड किती टिकतं, त्याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही.

लाकूड कोणतं घ्यायचं

आपल्या भागात सहज मिळतं ते बाभूळ, लिंब, आंबा, निलगिरी, सुबाभूळ. वखारीत सागवान. यातलं नवशिक्यानं काय घ्यावं?

बाभूळ मजबूत, गाडीच्या चाकाला तीच लागायची. पण पहिल्या कामाला नको. वाळलेल्या बाभळीत खिळा वाकतो आणि हातकरवतीनं कापताना दम निघतो. शिवाय तिच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला भुंगा लवकर लागतो. जुनी माणसं बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची, ते उगीच नाही. लाकडातलं भुंग्याचं खाद्य पाण्यात उतरून जातं. लिंबाला कीड कमी लागते, पण वाळताना तडे फार. निलगिरी आणि सुबाभूळ ओली कापली तर फळी पिळवटते. आंबा मऊ, कापायला सोपा, शिकायला चांगला. फक्त त्याला ओल आणि वाळवी दोन्ही सोसत नाहीत, म्हणून घरातल्या वस्तूंपुरताच वापरा.

आमच्या मते सगळ्यात चांगलं लाकूड म्हणजे जुनं लाकूड. गावोगाव माळवदाची घरं पडतायत आणि घरकुलाचे स्लॅब होतायत. त्या माळवदातल्या तुळया, खांब, जुन्या चौकटी बऱ्याचदा सागाच्या असतात आणि लोक त्या जळणाच्या भावात देऊन टाकतात. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता आणखी आकसणार नाही. एक काळजी घ्या. जुन्या लाकडात खिळे रुतलेले असतात. करवत-मशिनच्या पात्याला खिळा लागला तर पातं जातं आणि माणसालाही इजा होऊ शकते. आधी लोहचुंबक फिरवून सगळे खिळे काढा, मगच फाडायला न्या.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांतून भंगारात येणारे पॅकिंगचे लाकडी पॅलेट हा दुसरा स्वस्त मार्ग. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात इंग्रजी ‘एचटी’ अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरी दिलेलं आहे, ते घरात आणू नका. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलं पॅलेटही नको.

बांधावरचं झाड तोडून लाकूड काढायचा विचार असेल तर थांबा. झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ पासून आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, खैर, चंदन अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. लिंब-बाभूळ त्या यादीत नाही, पण गायरानातलं किंवा रस्त्याकडचं झाड तुमचं नाही, आणि सामाईक बांधावरच्या झाडावरून भावकीत काय होतं ते सांगायला नको. वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

लाकूड हलतं, हे आधी समजून घ्या

पावसाळ्यात दार अडकतं आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो, हे प्रत्येकाच्या घरी होतं. लाकूड ओल पिऊन फुगतं, वाळून आकसतं. पण ते रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे फळीच्या रेषा ज्या दिशेनं जातात ती दिशा पक्की, आडवी दिशा कच्ची. नवशिक्यांची बहुतेक टेबलं फाटतात ती याच कारणानं. रुंद फळी दोन्ही कडांना घट्ट ठोकून टाकली की आकसायला जागा राहत नाही, मग ती मधोमध तडकते.

ओलं लाकूड वाळवायचा जुना हिशोब आहे : जाडीच्या एका इंचाला साधारण एक वर्ष. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात त्याहून लवकर वाळतं, पण घाई केली की टोकांना चिरा पडतात. फळ्या उन्हात नाही, सावलीत रचा. प्रत्येक थरात पट्ट्या घालून हवा खेळू द्या, टोकांना रंगाचा हात मारा आणि वर वजन ठेवा.

पहिलं काम : चार फुटी बाक

पलंग, कपाट, ड्रॉवर नंतर. पहिल्यांदा बाक करा. त्यात सगळे धडे येतात आणि थोडं चुकलं तरी बसता येतं.

लाकूड एक इंच जाड. बसायची फळी एक, ४८ इंच लांब, १२ इंच रुंद. पायांच्या फळ्या दोन, प्रत्येकी १७ इंच उंच, ११ इंच रुंद, रेषा उभ्या. बाजूच्या पट्ट्या दोन, प्रत्येकी ४२ इंच लांब, ४ इंच रुंद. तयार बाकाची उंची १८ इंच होते, मोठ्या माणसाला ती बरोबर बसते. शाळेच्या पोरांसाठी पाय चार इंचांनी कमी करा.

वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही इंचात मोजा, गुणा आणि १७२८ नं भागा. वरच्या बाकाचं लाकूड पाऊण घनफूट भरतं. कापण्यात जाणारं धरून एक घनफूट धरा. हा हिशोब स्वतः करून गेलात तर कोणी जास्तीचं माप लावणार नाही. पट्टी मात्र सात फुटी घेऊ नका. ४२ चे दोन तुकडे म्हणजे बरोबर ८४ इंच, सात फूट झाले की, असं वाटतं. करवत स्वतः लाकूड खाते आणि टोकंही फाटलेली असतात. साडेसात फूट घ्या. १२ इंची फळी मिळाली नाही तर बसायला सहा-सहा इंचाच्या दोन फळ्या मध्ये बारीक फट ठेवून लावा. फुगायला तेवढी जागाही होते.

आता सुताराचं काम. फाडणं आणि मशिनवर रंधा मारून सपाट करणं त्याच्याकडून किंवा वखारीतूनच करून घ्या. हातरंध्यानं रुंद फळी सपाट करायला सराव लागतो आणि पहिल्याच कामात माणूस तिथेच हरतो. फळ्या एकसारख्या जाडीच्या मिळाल्या की निम्मं काम झालं.

घरी लागेल ते एवढंच : चांगली हातकरवत, गुण्या, टेप, एक इंची पटाशी, हातोडी, ड्रिल, दोन क्लॅम्प, पॉलिश पेपर, लाकडाचा गोंद आणि दोन इंची स्क्रू. गुण्या विकत घेतला की आधी तपासा. सरळ कडेच्या फळीवर त्यानं रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या नाहीत तर गुण्या वाकडा, परत द्या. मोठा काटकोन बघायचा असेल तर गवंड्याची तीन-चार-पाचची रीत आहेच.

पायाच्या फळीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत खाच काढा : एक इंच आत, चार इंच खाली. या खाचेत बाजूची पट्टी बसते. रेघेवर कापू नका, रेघेच्या टाकाऊ बाजूला कापा. कमी पडलं तर पटाशीनं काढता येतं, जास्त कापलेलं परत येत नाही. पट्टी खाचेत हातानं दाबून बसली पाहिजे. हातोडी घालावी लागली तर खाच अजून अरुंद, खुळखुळली तर सैल. आधी गोंद न लावता सगळं जुळवून बघा.

पाय बाकाच्या टोकापासून आठ इंच आत येतील असे ठेवा. खाचेत गोंद लावा, पट्टी बसवा, प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू. स्क्रूच्या आधी भोक पाडायचंच : आठ नंबरच्या स्क्रूला सागात, बाभळीत तीन मिलिमीटरचं, आंब्यात अडीच. भोक न पाडता स्क्रू घातला की फळीचं टोक उभं फाटतं. पाय आणि पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात वाया गेलेल्या लाकडाचे त्रिकोणी ठोकळे गोंद आणि स्क्रूनं बसवा. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. बाक हलायचा थांबतो तो या ठोकळ्यांमुळे.

वरची फळी शेवटी, आणि तिला गोंद नाही. पट्ट्यांवर फक्त स्क्रू, प्रत्येक पट्टीत तीन. एका बाजूच्या पट्टीवरची फळीतली भोकं थोडी लांबट करा, म्हणजे फळीला हलता येईल. गोंद रात्रभर वाळू द्या, लगेच बसून बघू नका.

ग्राइंडरला लाकडाचं पातं लावू नका

हे वेगळं सांगायचं कारण, गावात ग्राइंडर बहुतेक घरी असतो आणि त्याला दातेरी पातं लावून लाकूड कापणारे दिसतात. ग्राइंडरचा वेग त्या कामासाठी नाही. दात लाकडात अडकला की मशिन झटका देऊन हातातून सुटतं आणि सरळ मांडीवर, गळ्यावर किंवा तोंडावर येतं. काही जण सोय म्हणून गार्डही काढून टाकतात. वेळ वाचतो पाच मिनिटं. चार फुटी बाकाचं कापकाम हातकरवतीनं अर्ध्या दिवसात होतं. तेवढं थांबा.

मशिन वापरायचंच असेल तर आणखी एक, आपल्याकडची खास गोष्ट. काम चालू असताना लाइट जाते, माणूस मशिन खाली ठेवून चहाला जातो आणि स्विच चालूच राहतो. लाइट आली की मशिन जमिनीवर नाचायला लागतं. लाइट गेली की आधी पिन काढायची. गळ्यातला रुमाल, ओढणी, सैल बाही काढून ठेवा. पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क बांधा, बारीक भुसा छातीत जातो.

शेवटचा हात

गावात लाकडाला गाडीचं जळकं काळं ऑइल लावायची पद्धत आहे. कुंपणाच्या खांबाला लोक लावतात, पण बसायच्या बाकाला नको. कपड्यांना लागतं, वास जात नाही आणि अंगाला ते घातक आहे. त्याऐवजी जवसाचं तेल लावा. घाण्याचं साधं तेल वाळायला बरेच दिवस घेतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते दिवस-दोन दिवसांत वाळतं. पातळ हात मारा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्या, असे तीन हात. पुसलेल्या चिंध्यांचा मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या बाहेर एक-एक पसरून वाळवा, मगच फेका.

घरात कोणी सुतारकामावरच पोट भरत असेल तर त्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ धंदे आहेत, त्यात सुतारही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप आहे. नोंदणी सीएससी केंद्रातून होते. हौसेनं एक बाक करणाऱ्यासाठी ती नाही.

बाक तयार झाला की सपाट फरशीवर ठेवून हलवून बघा. डुगडुगला तर अधांतरी राहणाऱ्या कोपऱ्याखाली पातळ पत्ती सरकवा, डुगडुग थांबली की त्याच पत्तीच्या जाडीइतकं टेकलेल्या बाजूनं थोडं-थोडं घासा. पायांच्या खालच्या कडांना तेलाचे दोन हात जादा द्या, कारण जमिनीतली ओल तिथूनच वर चढते. अंगणात ठेवणार असाल तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे वाळवी आली तरी तिची मातीची वाट दिसेल.